इंदुताईंचे चार आवाज

"आज कुठली गेली?"

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या काउंटरवर कापडी पिशवी आदळून इंदुताई सोळुंके एवढंच विचारायच्या. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. दुकानात नवखं गिऱ्हाईक असलं तर ते दचकायचं. त्याला वाटायचं, मोहल्ल्यातली कुणी बाई वारली आणि या दोघांना त्याचं काहीच नाही. मग मीही मुद्दाम आवाज खाली आणायचो, मान हलवायचो आणि सांगायचो, "दोन गेल्या, ताई. एक भाजीबाजाराच्या मागं, एक तुमच्या पलीकडच्या गल्लीत." त्या डोळे मिटायच्या, लांब श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हणजे आलंच की जवळ." तोवर गिऱ्हाईक पळालेलं असायचं. अशी निदान पाच-सहा गिऱ्हाइकं त्यांनी माझी घालवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतकं चांगलं नाटक फुकटात कोण दाखवतं?

जायच्या त्या पाट्या. बरकतपुऱ्यात माझं रबरी शिक्क्यांचं आणि नावाच्या पाट्यांचं दुकान आहे. डॉक्टर, वकील, गाड्यांचे नंबर, घरांची नावं, सगळं करतो. पण खरा खप 'टू-लेट'च्या पाटीचा. पिवळा पत्रा, लाल अक्षरं, खाली कोरी पट्टी. त्या पट्टीवर मालकाचा फोन नंबर मी ब्रशनं रंगवून देतो. मोबाइलवर घरं शोधायची किती का सोय होईना, नल्लकुंटा, विद्यानगर, काचीगुडा इकडचा जुना मालक फाटकाला ही पाटी लटकल्याशिवाय आपलं घर रिकामं झालं असं मानतच नाही. त्यामुळं कुठल्या गल्लीत कोण घर सोडतंय, हे पोस्टमनच्या आधी मला कळतं. आणि मला कळलं की इंदुताईंना.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. आता त्यांच्याबद्दल मोकळेपणानं सांगायला हरकत नाही, कारण त्या असत्या तर तिसऱ्या मिनिटाला मला थांबवलं असतं.

ते तीन मिनिटांचं प्रकरण असं. इंदुताई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. अठ्ठावीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी हैदराबादचा आवाज मुंबईला, औरंगाबादला, विजयवाड्याला जोडून दिला. त्या काळी कॉल तीन मिनिटांचा; पुढं बोलायचं असेल तर ऑपरेटर मधे येऊन विचारायची. नोकरी संपली, खाती बदलली, ट्रंक कॉल ही वस्तूच जगातून नाहीशी झाली, पण इंदुताई मधे येतच राहिल्या. माझी बायको एकदा त्यांना तिच्या भावाच्या घटस्फोटाची हकिगत सांगत होती. अगदी रंगात आली होती. इंदुताईंनी हात वर केला: "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" बायको इतकी गोंधळली की "नको" म्हणाली. त्या घटस्फोटाचं पुढं काय झालं हे मला आजतागायत माहीत नाही.

पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी माझ्याशी तेलुगूत सुरुवात केली, मग दक्खनीत, आणि भिंतीवरची मराठी दिनदर्शिका दिसल्यावर एकदम मराठीत. "कुठले तुम्ही?"

"काचीगुड्याचाच. आजोबा उमरग्याकडून आले."

"आम्ही औशाचे. मग बसते," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या. ते स्टूल पुढं चार वर्षं त्यांचं झालं. बसल्या बसल्या त्यांनी ओल्या रंगाच्या एका पाटीकडं बोट केलं. "ही कुणाची? कितीला देतो तो?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मी नंबर रंगवतो, भाडं नाही."

"नंबर आहे ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला.

त्यांना घर नको होतं. त्यांना घर होतंच. नल्लकुंट्याला यादगिरी नावाच्या गृहस्थांच्या घरात तळमजल्याचा पोर्शन. इकडं घराचा भाड्यानं दिलेला भाग म्हणजे पोर्शन. त्यात त्या आणि त्यांची मोठी बहीण, अशा दोघी सव्वीस वर्षं राहत होत्या. मोठीला सगळे अक्का म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानं स्वतःचं लग्न पुढं ढकलून इंदूला शिकवलं, आणि पुढं ढकललेलं ते लग्न मग राहूनच गेलं. अक्काला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पण पोर्शनच्या व्हरांड्याला ओळीनं खिडक्यांचे गज होते. डाव्या हातानं एकेक गज पकडत अक्का पुन्हा चालायला शिकली. पलंगापासून दारातल्या खुर्चीपर्यंत. जिना नाही, उंबरा नाही. खुर्चीत बसून ती दुपारभर रस्ता बघायची. इंदुताईंचं सगळं जग त्या गजांना धरून उभं होतं, आणि तो व्हरांडा होता यादगिरींचा.

करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी नवा स्टँप पेपर, नवं भाडं. यादगिरी भला माणूस. सव्वीस वर्षांत त्यानं भाडं चढवलं ते जपून, जरा लाजतच. पण इंदुताईंना भलेपणावर भरवसा नव्हता. "माणूस चांगला आहे, कारण त्याला बाजारभाव माहीत नाही," असं त्या म्हणायच्या.

म्हणून तो त्याला कळू नये याची त्यांनी व्यवस्था केली होती. यादगिरींचा पेपर फाटकात पडायचा. शनिवारी त्यात घरं-जमिनींची पुरवणी यायची; कुठल्या भागात भाडं किती वाढलं त्याचे नकाशे, बाण, लाल-हिरवे रंग. इंदुताई पहाटे उठून ती पुरवणी काढून घ्यायच्या आणि पेपर पुन्हा घडी घालून ठेवायच्या. यादगिरी कित्येक वर्षं समजत होता की त्याच्या पेपरला शनिवारी पुरवणी नसतेच. पुरवण्यांचं काय करता, म्हणून मी विचारलं.

"अक्काच्या कपाटात अंथरते. साड्यांखाली अख्खी गच्चीबावली आहे."

नवव्या महिन्यापासून तर त्या घरात चोरासारख्या वावरायच्या. मिक्सर दुपारी यादगिरी झोपला की लावायचा नाही. भिंतीत खिळा नाही. नवी साडी नेसून फाटकातून जायचं नाही, उगं त्याला वाटायचं की पेन्शन वाढली. संक्रांतीला त्याला तिळाची पोळी द्यायची, पण दोनच. चार दिल्या तर आपण घाबरलोय हे कळतं. हे सगळं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की मला हसू दाबायला रंगाच्या डब्यात तोंड घालावं लागायचं.

आणि त्यांचा एक सिद्धांत होता. भाडं वाढतं ते एकदम सगळीकडं नाही; ते लाइनीनं येतं.

"गच्चीबावली, माधापूर, अमीरपेट, नारायणगुडा, मग आपण," त्या काउंटरवर बोटानं रेघ ओढत सांगायच्या. "पश्चिमेकडून निघतं. तिकडं कंपन्यांच्या पोरांनी जागा भरल्या की उरलेली पोरं मेट्रो धरून इकडं सरकतात. मधलं एकही एक्स्चेंज चुकत नाही, मुकुंदा. अमीरपेटला घंटी वाजली की आपण रिसीव्हरजवळ बसायचं."

ती घंटी ऐकायलाच त्या माझ्या दुकानात यायच्या. पाटी गेली की मालकाला फोन. पण रोज रोज एकाच बाईनं साऱ्या नल्लकुंट्याची भाडी विचारली तर बोभाटा होणार. म्हणून इंदुताईंनी माणसं तयार केली होती, आणि प्रत्येकीला वेगळं सिमकार्ड.

पहिली विजयलक्ष्मी, कॉलेजात तेलुगू शिकवणारी, शुद्ध, संथ. "अद्दे एंतंडी?" म्हणजे भाडं किती हो, हे ती असं विचारायची की मालक आपोआप ताठ बसत असावा. दुसरी मिर्झासाहेबांची बेगम: "जी, हमारे साब रेलवे में हैं. पानी कौनसा है, मंजीरा का के बोर का?" मंजीरा म्हणजे इकडं नळाचं पाणी. तिसरी विशाखापट्टणमहून बदलून आलेल्या बँक मॅनेजरची बायको, मिसेस राव, जिला प्रत्येक घराचं तोंड पूर्वेलाच हवं असायचं. इंदुताई बोलताना नुसता आवाज बदलायच्या नाहीत. बेगम असली की पदर डोक्यावर जायचा, मिसेस राव असली की चष्मा नाकावर उतरायचा. फोनवर कोण बघतंय? पण कसर ठेवायची नाही. मी ब्रश हातात धरून बघत राहायचो. माझ्या हातून त्या काळात दोन वकिलांची नावं चुकली.

भाडं कळलं की त्या फोन ठेवून म्हणायच्या, "चौदा. हौ, अजून चौदाच आहे," आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते ताप उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ताप पुन्हा चढलेला.

आता चौथी. इथं मला माझा गुन्हा सांगायला हवा.

चौथी माझी कल्पना. मला नाटकाची फार हौस, आणि त्या तीन बायका मला पाठ झाल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, एक पुण्याची घ्या. मुलगा इकडं कंपनीत लागलाय, सुनेचं आणि तिचं पटत नाही, त्यांच्यासाठी वेगळं घर बघतेय." इंदुताईंना ही सासूबाई आवडली. तिचे संवादही मीच लिहून दिले. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मालकानं भाडं सांगितलं की थोडं थांबून, किंचित हसून म्हणायचं: "अहो, बस इतनाच? हमारे पुणे में इतने में बाल्कनी पण नहीं मिलती!"

त्या वर्षी दहाव्या महिन्यात सरोजम्मांनी पाटी नेली. सरोजम्मा म्हणजे यादगिरींच्या समोरच्या घराच्या मालकीण. घराच्या अगदी समोरची पाटी. इंदुताईंचा धीर सुटला. त्यांनी चारही बायका एकाच सकाळी उतरवल्या. विजयलक्ष्मी, बेगम, मिसेस राव, सासूबाई. चौघींनाही उत्तर एकच, चौदा. इंदुताई खूष. मीही खूष. आम्ही चहा मागवला.

तीन दिवसांनी सरोजम्मा हसत दुकानात आल्या. त्यांना घराच्या नावाची पितळी पाटी हवी होती, मोठी, कोरीव.

"काय विशेष?" मी विचारलं.

"अरे, घर काय चाललंय माझं! पाटी लावली, एका सकाळी चार फोन. एक लेक्चरर, एक रेल्वेवाल्या साहेबांच्या घरचे, एक बँक मॅनेजर, एक पुण्याची. चार चांगल्या घरातली माणसं, एका सकाळी! मी वेडी, चौदा सांगत होते. ती पुण्याची तर हसली मला. म्हणाली, आमच्याकडं इतक्यात बाल्कनी येत नाही." सरोजम्मांनी माझ्या काउंटरवर थाप मारली. "लगेच अठरा केलं. दुसऱ्या दिवशी दोन सॉफ्टवेअरवाली मुलं आली, एका शब्दानं घासाघीस केली नाही. अडव्हान्स देऊन गेली."

मी हातातला ब्रश डब्यात ठेवला.

"यादगिरी गारूंनापण सांगितलं मी," सरोजम्मा म्हणाल्या. "खाली काय देता अकरा हजारात, म्हटलं. काळ बघा."

पुढचे दोन दिवस मी अकरा वाजता दुकान बंद करून चहाला गेलो. भित्रेपणा होता तो. नाटकातल्या नटानं प्रेक्षकांत बसलेल्या माणसाचं घर खरोखरच जाळून टाकलं, असं काहीतरी आमच्या हातून झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्या साडेदहालाच येऊन शटरसमोर उभ्या होत्या. मग सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, अगदी कामावर असल्यासारखी.

"कितव्या कॉलनंतर वाढवलं?"

"चौथ्या."

"म्हणजे तुझी पुणेकरीण."

"ताई, मला—"

"गप. फोन मी लावला होता." आणि मग, "खोटे चार आणि खरे दोन. पण भाडं खरंच झालं की रे आता. त्या पोरांना कुठं माहीताय की चौघी एकच होत्या."

त्या दिवशी त्यांनी कुठली पाटी गेली हे विचारलं नाही.

यादगिरी त्याच आठवड्यात खाली आला. तो प्रसंग इंदुताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितला, नेहमीसारखा करून दाखवला नाही, नुसता सांगितला. यादगिरी व्हरांड्यात उभा राहिला, अक्काकडं न बघता म्हणाला, अम्मा, या वेळी अठरा करावं लागेल. समोर अठरा आहे.

इंदुताईंनी रात्रभर जागून आधीच ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. अठरा."

यादगिरी गोंधळला. खांदे हलवले. मग म्हणाला, खरं म्हणजे वीस.

"वीस," इंदुताई म्हणाल्या.

"बावीस," यादगिरी म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"मुकुंदा," इंदुताई मला म्हणाल्या, "मी अठ्ठावीस वर्षं माणसं ऐकली. मुलगा पैसे मागायला फोन करतो आणि नुसतीच हवा-पाणी विचारतो. बाई रडायला फोन करते आणि स्वयंपाक सांगते. बोलणारा एक बोलतो आणि लाइनीवर दुसरंच काहीतरी असतं. यादगिरी आकडा बोलत होता, पण तो आकडा नव्हता. माझ्या कानाला हे इतके दिवस कळलं नाही. मी नुसती रक्कम ऐकत बसले."

त्यांनी यादगिरीला सरळ विचारलं, "अक्कासाठी का?"

तो वर त्याच्या घराकडं जाणाऱ्या जिन्याच्या कठड्याकडं बघत म्हणाला, "लेकीचं, लावण्याचं, लग्न ठरलंय, अम्मा. मांडव दारात पडणार."

इकडं पुष्कळ घरमालकांची एक धास्ती असते. भाडेकरूकडचं माणूस घरात वारलं तर वास्तूला लागतं. मग घर काही महिने कुलूप लावून ठेवायचं, वास्तुशांत करायची. आजारी भाडेकरूला शेवटच्या दिवसांत दवाखान्यात हलवा, घरात नको, असं हात जोडून सांगणारे मालक मी पाहिले आहेत. ही अट कुठल्याही स्टँप पेपरवर नसते, आणि माझ्या पाटीवर तर नसतेच. यादगिरी वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्याला 'जा' म्हणवत नव्हतं, म्हणून तो भाडं वाढवत होता. आणि चढायला लागणारी पायरी आम्ही दोघांनी त्याला बांधून दिली होती.

करार संपायला सात आठवडे होते.

आता इंदुताईंना घर खरोखर हवं होतं. मी म्हटलं, ताई, विजयलक्ष्मीला फोन करू दे. नाहीतर बेगमला. अक्काचं आत्ताच काढू नका. अडव्हान्स देऊन टाकू, सामान नेऊ, मग हळूच सांगू. मालक काय बाहेर काढतोय?

"अक्काला लपवून न्यायची? ती काय पार्सल आहे?"

त्यांनी पदर नीट केला, चष्मा जागच्या जागी ठेवला आणि पहिल्या नंबरला फोन लावला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जरासा घोगरा, साधा, मराठी वळणाचं तेलुगू बोलणारा. "मी इंदू सोळुंके. वय एकाहत्तर. बरोबर मोठी बहीण, अठ्ठ्याहत्तर. तिची उजवी बाजू गेलेली आहे, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात किती दिवस ते सांगता येत नाही. तिचा जीव तुमच्या घरात जाऊ शकतो. हे चालत असेल तर भाडं सांगा."

पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसऱ्यानं आत्ताच दिलं म्हणून सांगितलं. त्याची पाटी माझ्या काउंटरवर अजून वाळत होती. तिसरी बाई फार गोड बोलली, फार हळहळली, आणि नाही म्हणाली. चौथ्यानं विचारलं, "तुम्हाला वृद्धाश्रम माहीत नाही का, अम्मा?" इंदुताई म्हणाल्या, "माहीत आहे. तिथली भाडीपण मी विचारली आहेत." विद्यानगर झालं, शिवम रोड झाला, रामंतापूर झालं, उप्पलपर्यंत झालं. रोज अकरा वाजता त्या यायच्या, सगळे फोन संपवायच्या आणि जायच्या. मला हसू दाबावं लागेनासं झालं. एकदा मी म्हणालो, "ताई, जरा गोड करून सांगा." त्या म्हणाल्या, "भाडं लाइनीनं येतं हे मला कळायचं, मुकुंदा. नकार कुठल्या लाइनीनं येतो ते आत्ता कळतंय. तो सगळीकडून एकदम येतो."

पाचव्या आठवड्यात खुर्शीद आपा दुकानात आल्या. उंच, करड्या बाई, सरकारी इस्पितळातून हेड नर्स म्हणून निवृत्त. काचीगुड्याला स्टेशनच्या मागं घर, तळमजला रिकामा. पाटी हवी होती, आणि माझ्या रेटबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. मी नंबर रंगवत असताना स्टुलावरून आवाज आला.

"मेरेकू होना घर. पण पहले सुनो."

इंदुताईंनी सगळं सांगितलं. वय, उजवी बाजू, डॉक्टर, सगळं. खुर्शीद आपा ऐकत होत्या.

"बेड-सोर है?" त्यांनी विचारलं.

"नक्को बोलो. एक नहीं. रोज करवट देती मैं."

"कब मरेंगी?"

"मालूम नहीं."

"मेरा भी मालूम नहीं," आपा म्हणाल्या. "किराया उन्नीस. तीन महिने का अडवांस. दीवार में कील मारे तो निकाल देऊंगी."

"अठरा नहीं होता?" इंदुताईंनी विचारलं. सवय, दुसरं काय.

"अठरा कैकू? काचीगुडा में उन्नीस चलरा." आपांनी माझ्याकडं बघितलं. "पूछो इनकू."

मी मान डोलावली. खरंच चालत होतं. लाइन काचीगुड्याला पोचली होती.

"मंजूर," इंदुताई म्हणाल्या. अकराचे चौदा होतील या धास्तीनं ज्या बाईनं कित्येक वर्षं पुरवण्या चोरल्या, तिनं एकोणीसला पुढं घासाघीस न करता होकार दिला. आपांनी मग पाटीचे पैसे परत मागितले. मी म्हटलं, नंबर रंगवून झालाय, ओला आहे. त्या म्हणाल्या, तो मेरेकू क्या, मेरा घर तो चला गया. परत घेतले पैसे. सगळे.

एकोणीस पेन्शनीत बसणारे नव्हते. इंदुताईंनी एकाहत्तराव्या वर्षी नोकरी धरली. जवळच्या एका दाताच्या दवाखान्यात, फोनवर वेळ द्यायची. तिथं रुग्णांची गाऱ्हाणी फार लांबायची नाहीत, असं त्या डॉक्टरांनी मला कौतुकानं सांगितलं. का, ते मला माहीत होतं.

घर हलवलं त्या दिवशी यादगिरीनं अक्काची खुर्ची स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. लावण्या रडत होती. इंदुताईंनी कपाट रिकामं केलं तेव्हा साड्यांखालच्या सगळ्या पुरवण्या तिथंच होत्या. त्यांनी त्या घडी करून यादगिरीच्या हातात दिल्या. "घ्या. तुमच्याच आहेत." तो कितीतरी वेळ त्या उलटून बघत होता.

काचीगुड्याच्या घराला गज नव्हते. खुर्शीद आपांनी पहिल्याच आठवड्यात व्हरांड्याला लोखंडी नळीचा कठडा बसवून घेतला, आणि तो बसवताना भिंतीला किती खिळे मारले त्यावर तीन दिवस चिडचिड केली. अक्का त्या कठड्याला धरून दहा-बारा पावलं टाकायची. खुर्चीतून आता रेल्वेचे प्रवासी दिसायचे. आठ महिने दिसले.

मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलं होतं, फोन आला. तोच घोगरा, साधा आवाज.

"मुकुंदा, अक्का गेली. घरातच."

मी पोचलो तेव्हा आपांनी अक्काचे हातपाय सरळ करून ठेवले होते, खोलीतला पंखा बंद केला होता, आणि स्वतःच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या बाहेर ओळीनं मांडून शेजारणींना कुठं बसायचं ते हुकूम देत होत्या. इंदुताई अक्काच्या डाव्या हाताशी बसल्या होत्या. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर आम्ही चौघं-पाच जण उरलो. इंदुताई उठून आपांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या तेरा दिवसांत हा प्रश्न त्यांनी कितीदा मनात म्हणून पाहिला असेल, कोण जाणे.

"आपा, मैं कब खाली करूं? घर कितने महिने बंद रखते तुम?"

आपा खरकटी पानं गोळा करत होत्या. वर बघितलं, जणू काही कळलंच नाही.

"बंद कैकू करना?" त्या म्हणाल्या. "फिर तुम किदर सोते?"